पोरका प्रोग्राम

“...आणि तू उठलास की?”

“सर्व्हरही बंद पडतो, महाराज.”

“इमानी आहे.”

पुण्यात सुश्रुतने भले भले सर्व्हर उभे केले होते, निदान त्याचं तसं म्हणणं होतं. इथे घाटमाथ्यावरच्या मठात एक जुनाट संगणक होता, आणि खिडकीतून आत येऊन ऐसपैस बसलेलं धुकं. घाटात पुढचं किती दिसतं ते ट्रकवाल्यांना मोबाइलवर कळावं, म्हणून त्या संगणकावर सर्व्हर बसवायचा होता.

“ते काम सोडून येशील, त्या दिवशी दीक्षा,” असं भैरवगिरी महाराज म्हणाले होते. सुश्रुतने त्याचा अर्थ ‘दुपारपर्यंत’ असा घेतला. त्यालाही आता बरेच दिवस झाले होते. नक्की किती, ते धुक्यात कळत नसे.

“बाकी ठिकाणी संगणकाच्या लिनक्स प्रणालीत एक कारभारी असतो,” तो म्हणाला. “तोच प्रोग्रामना उठवतो, पडले तर पुन्हा उभे करतो. या जुन्या लिनक्समध्ये कारभारीच नाही.”

“मठातही नाही. आमटी होते रोज.”

...

“मग सर्व्हरला उठवतं कोण?”

“मी. माझ्या लॅपटॉपवरून. पडद्यावर एक खिडकी उघडी ठेवतो, म्हणजे तो काय करतोय ते समोर दिसतं.”

महाराजांनी हात लांब केला आणि लॅपटॉप मिटला.

सर्व्हर बंद पडला. खाली घाटात एक हॉर्न वाजला, ओल्या कापसातून आल्यासारखा.

“बोट सोडत नाही तुझं,” महाराज म्हणाले. “सोडव.”

“सोडवता येतं. पण त्यासाठी सुरू करणाऱ्याला मरावं लागतं... म्हणजे मला नाही. मी एक प्रोग्राम लिहायचा. त्याने पोर जन्माला घालायचं आणि आपण संपायचं. मग यंत्रात सगळ्यांच्या आधी जागा झालेला जो प्रोग्राम असतो, तो त्या पोरक्याला सांभाळतो.”

“संन्यास घेताना आपण काय करतो?”

“स्वतःचं श्राद्ध.”

“मग अडलंय कुठे?”

“तो काय करतोय ते मला दिसणार नाही.”

महाराजांनी खिडकीतल्या धुक्याकडे बोट दाखवलं.

सुश्रुतने अखेर तसं लिहिलं. वीज जाऊन आली तर सर्व्हर आपोआप उठावा, अशी ओळ संगणक सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये घातली. मध्येच पडला तर उचलणारी आणखी एक स्क्रिप्ट ठेवली. मग लॅपटॉप मिटून तो अंगणात गेला. मोबाइलवर अक्षरं उमटली : ‘पुढचं वळण दिसत नाही. गाडी हळू घ्या.’

सर्व्हर चालू होता. त्याच्यावाचून.

धुनीपाशी भगवी छाटी घडी करून ठेवली होती. न्हाव्याने सुश्रुतचं डोकं भिजवलं. पाणी गार होतं, धुनीचा धूर धुक्यात मिसळत होता, आणि सुश्रुतला आपण पाटावर बसलोय की तरंगतोय ते समजेना. आतल्या संगणकाच्या पंख्याचा आवाज येत होता... की येत नव्हता?

“महाराज...”

न्हाव्याचा वस्तरा थांबला.

“एकदा बघून येऊ? चालू आहे का, एवढंच.”

महाराजांनी न्हाव्याला बाजूला व्हायची खूण केली.

“ये बघून,” ते म्हणाले. “आणि चालू असला, तर या पाटावर त्यालाच पाठव.”