कुंकवाने भरलेली खाच

"ताईला शेवटचं उघडून कोणी पाहिलं होतं?" असं धाकटा पेनड्राइव्ह फोटो स्टुडिओत दर दसऱ्याला विचारी.

ताई म्हणजे थोरली हार्डडिस्क. फार वर्षांपूर्वी गावातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तिच्या पोटात ठेवले होते. दर दसऱ्याला कॅमेरा तिला कुंकू लावी, झेंडू वाही आणि पुन्हा मखमलीत गुंडाळून ठेवी.

यंदा कोणीतरी जुना फोटो मागितला. ताईला वायर लावली, पण एकही फाईल उघडेना.

"वायरच खराब असणार," कॉम्प्युटर म्हणाला. वायर बदलली. काही फरक नाही.

"आता आरती ओवाळा, येतील फोटो!" पेनड्राइव्ह फणकारला.

"गप रे! थोरल्यांची पूजा करायची असते, तपासणी नाही," कॅमेरा म्हणाला.

पेनड्राइव्हने ताईची वायर लावायची खाच पाहिली. इतक्या दसऱ्यांचं कुंकू आत दडपून बसलं होतं. त्याने ते खरवडून काढलं आणि फोटोंना जागा करायला स्वतःतली सगळी गाणी पुसून टाकली. ताई कुरकुरत जागी झाली. "घे बाळा, लवकर घे," म्हणाली. निम्मी लग्नं त्याच्यात आली आणि ताई कायमची गप्प झाली.

स्टुडिओतल्यांसाठी पेनड्राइव्हने शेवटचं एवढंच केलं. ती लग्नं कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि कॅमेरा आता त्याचीच पूजा करायला कुंकवाची वाटी घेऊन जवळ येताच तोंडावर टोपण ओढून घेतलं.