मागावरचं अर्धं घोंगडं

माणदेशातल्या वाघजाळी गावी, ओढ्याकाठच्या मठात पारसगीर महाराज राहात. लोक त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येत, आणि होई उलटंच! महाराजच त्यांना प्रश्न विचारत बसत. कुंभार आला की माती कुठली, सुईण आली की मूल आडवं असलं तर हात कुठून लावतेस, मेंढका आला की मेंढराला आपलं कोकरू कसं ओळखू येतं. लहान मूल पदर ओढून विचारतं ना, तसं. उत्तर मिळेपर्यंत सोडायचे नाहीत.

त्या गावात सणगरांची आळी होती. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. घरची बाई लोकर कातते, चिंचोक्याची खळ शिजवून सुताला लावते, आणि पुरुष मागावर बसून विणतो. मागावर बाई बसत नाही, अशी त्यांची रीत. दरवर्षी चैत्रातल्या उत्सवाला महाराजांच्या आसनासाठी आळीतून एक घोंगडं जाई. ते एकाच जोडप्याच्या हातचं लागे, आणि सर्वांसमक्ष पारखलं जाई. चौघांनी चार टोकं धरून झोळी करायची, तीत घागरभर पाणी ओतायचं. आरती संपेपर्यंत थेंब गळला नाही, तर घोंगडं खरं.

वीस वर्षं हा मान आळीच्या प्रमुखाचा, कृष्णाप्पाचा होता. कृष्णाप्पाचा हात चांगला, पण तोंड त्याहून मोठं. "आमच्या घरातनं कधी चढा आवाज ऐकलाय कुणी?" असं तो चारचौघांत विचारी. त्याची बायको सगुणाबाई मागे उभी असे. ती काही बोलत नसे. ती कधीच काही बोलत नसे.

त्याच आळीच्या टोकाला ठकूबाईचं घर. तिचा नवरा येसू नऊ वर्षांपूर्वी घोंगडी विकायला म्हणून बाजाराला गेला आणि एका दुसऱ्या बाईबरोबर तिकडेच राहिला. जाताना मागावर अर्धं घोंगडं तसंच सोडून गेला. ठकूबाईनं नऊ वर्षं लोकर कातून पोट भरलं, पण ते अर्धं घोंगडं कापून काढलं नाही. त्याच्यात कडुनिंबाचा पाला खोचायची, उन्हाची तिरीप मागावर येईल तिकडचं दार उघडं ठेवायची. तरी कसर लागायची ती लागलीच. विणलेल्या भागाला ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं पडली.

आणि त्या वर्षी माघात येसू परत आला. त्याचा एक डोळा गेला होता. त्या दुसऱ्या बाईनं त्याला हाकलून दिलं होतं. तो उंबऱ्याबाहेर सकाळपासून उभा होता. ठकूबाईनं पाणी विचारलं नाही, बस म्हटलं नाही. समोर बसून लोकर कातायची चाती फिरवत राहिली. ऊन कलल्यावर म्हणाली, "अर्धं ऱ्हायलंय, त्ये कोण करनार?"

येसू आत आला आणि मागावर बसला.

आळी खवळली. त्याच्या हातचं पाणी कुणी घेईना, पंगतीत त्याला पान मांडीना. उत्सवाला पंधरा दिवस उरले तेव्हा ठकूबाईनं आळीसमोर हात जोडले. "आप्पा, आमाला पंगतीत घ्या."

कृष्णाप्पा हसला. "नऊ वर्सं दुसरीकडं जेवला, आता आमच्या पंगतीत? ठकू, तुला लाज न्हाई, तर निदान त्येला तरी असू दे!" मग आळीकडे वळून म्हणाला, "बरं, येक करू. यांच्या मागावर घोंगडं हायेच की. तेच मठात आणा. पाणी ऱ्हायलं, तर येसूचं पान माझ्या शेजारी. गळलं, तर दिवस मावळायच्या आत त्यानं आळी सोडायची."

"घोंगडं कुठलं आप्पा, चाळण हाय ती!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे खदखदून हसले.

"आणि त्यो गेला, तर मी बी त्याच्यासंगं जाईन," ठकूबाई म्हणाली. हसणं जरा थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती मठात आली. महाराज तांदूळ निवडत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "माय, एक सांग. नऊ वर्षं ते कापून का नाही काढलंस? माग मोकळा झाला असता, विकता आला असता."

"कापलं असतं तर मी तोडल्यागत झालं असतं, महाराज. सोडून त्ये गेलं. मी कशापायी तोडू?"

"आणि राग?" महाराज पुढे सरकले. "राग कुठे गेला?"

"जातोय कुठं! हाय की. चुलीम्होरं बसलं की येतो, मोप येतो. काल भाकरी थापताना येवढा आला, भाकरीच फाटली." ती थोडं हसली. "पर त्ये जेवाय बसलं की मी रागाला म्हनते, तू जरा भाईर बस. मानूस जेवतंय."

"आणि तो ऐकतो?"

"कवा ऐकतो, कवा न्हाई."

 महाराजांच्या हातातले तांदूळ तसेच राहिले. मग म्हणाले, "घोंगडं पुरं करून आण. भोकं बुजवू नकोस. मला बघायची आहेत."

ठकूबाईनं सूत कातलं, खळ शिजवली. येसूला एका डोळ्यानं तुटलेला धागा दिसत नसे. ती शेजारी उभी राहून बोटानं दाखवी, तो गाठ मारी. त्या पंधरा दिवसांत दोघं "हितं", "हितं न्हाई, तिथं" याखेरीज फारसं बोलली नाहीत.

उत्सवाचा दिवस उजाडला. मठाचं अंगण भरून गेलं. आधी कृष्णाप्पाचं घोंगडं पारखलं; आरती झाली, थेंब गळला नाही. त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग ठकूबाईचं घोंगडं उलगडलं. एक भाग जुना, विटका, एक नवा काळाभोर. चौघांनी उचलून धरलं, तर भोकांतून उन्हाचे कवडसे खाली फरशीवर पडले. लोक मोठ्यानं हसले. येसूनं मान खाली घातली. ठकूबाईनं मात्र डोळे मिटले नाहीत. ती महाराजांकडे पाहात होती. आणि महाराज? ते गादीवरून उठून, धोतर सावरत, अगदी झोळीपाशी येऊन उभे राहिले होते!

"ओता," महाराज म्हणाले.

पाणी ओतलं. झोळी जड झाली, बाळ निजल्यावर होते तशी खाली आली. आरती सुरू झाली. एक कडवं झालं, दुसरं झालं. फरशी कोरडी. टाळ वाजवणाऱ्यांचे हात मंद झाले. आरती संपली, तरी फरशी कोरडीच!

"काहीतरी लबाडी हाय!" कृष्णाप्पा ओरडला. तो झोळीखाली शिरला, उताणा पडला आणि वर पाहू लागला. भोकं तशीच होती. त्यांतून पाणी दिसत होतं, पाण्यातून वरचं निळं आभाळ. त्यानं एका भोकात बोट घातलं. बोट आत गेलं, ओलं झालं. बाहेर काढलं, तर भोक होतं आणि पाणीही होतं, आणि ते पडत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "महाराज, हे कसं?"

"तेच मला कळत नाही बघ," महाराज म्हणाले. "ठकूबाई रागाला बाहेर बस म्हणते ते कसं, याचाही पंधरा दिवस विचार करतोय. पांडुरंगाला ठाऊक." मग ते सगुणाबाईकडे वळले. "माय, तू इतकं सूत काततेस. तुला काही कळतंय का?"

कृष्णाप्पा चटकन म्हणाला, "तिला काय इचारता महाराज, ती न्हाई बोलत."

"का बरं बोलत नाही?"

 वीस वर्षांत हा प्रश्न कृष्णाप्पाला पडलाच नव्हता.

सगुणाबाई पुढे आली. आवाज इतका बारीक, की लोकांना कान द्यावा लागला. "माझी आई गेली, तवा आसनाचं घोंगडं पुरं व्हायचं हुतं. यांनी मला जाऊ दिलं न्हाई. तोंड बघाय मिळालं न्हाई मला. त्या दिसापास्नं यांच्याशी बोलावं असं काय उरलंच न्हाई."

 कृष्णाप्पानं महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकून पाहिलं, पण महाराज हळूच बाजूला झाले. तेव्हा तो येसूपाशी गेला, हात धरून म्हणाला, "तुझं पान माझ्या शेजारी." ठकूबाईसमोर त्यानं हात जोडले. आणि मग, भाविकहो, जो माणूस देवळातही ताठ मानेनं उभा राहायचा, तो भर अंगणात, साऱ्या आळीदेखत, आपल्या बायकोसमोर गुडघ्यांवर बसला आणि तिच्या पायांशी कपाळ टेकवलं.

सगुणाबाईनं त्याला लगेच उठवलं नाही. 

"उठा," शेवटी ती म्हणाली. "लई बोलायचं हाय मला. वीस वर्सांचं. ऐकाल का?"

"ऐकतो," कृष्णाप्पा म्हणाला. पण कपाळ काही त्यानं उचललं नाही.

पारसगीर महाराजांनी तिथेच, त्या दोघांपासून थोडं दूर, पाणी ओतून खाली ठेवलेल्या ओल्या घोंगड्याशेजारी बैठक मारली, आणि तेही ऐकू लागले.