सदोबानं साइट हलवली

देवखेरी नावाच्या गावात सदोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा म्हणजे किती? "जरा दाराकडे बघा," असं सांगून वैनी बाजारात गेली, तर ती येईपर्यंत तो दाराकडेच बघत बसे. मागून मांजर दूध पिऊन गेलं तरी मान वळवत नसे.

ही कुंदावैनी समुद्राकाठच्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायची. सदोबा तिचा दीर. दोन वेळचं जेवण तिच्या हातचं, म्हणून त्याचा तिच्यावर फार जीव.

वैनीच्या वेबसाइटवर मराठीत लिहिलं होतं, "सांगितल्याशिवाय मासे वाढत नाही." यंत्रानं त्याचं गुजराती केलं ते असं : "मासे खाल्ल्याशिवाय सोडत नाही." सुरतेच्या जागृतीबेनचा फोन आला. पस्तीस माणसांची बस, सगळी शाकाहारी. ओळ बुधवारपर्यंत बदलली नाही तर बस दुसरीकडे.

वैनीनं डोक्याला हात लावला. "भावोजी, ही बस गेली तर मी खोल्या बंद करून लेकीकडे नागपूरला जाते."

सदोबा मनात म्हणाला, नागपूर किती लांब! मग आमटी कोण वाढणार?

साइट बनवली होती वैनीच्या भाचीनं, मुग्धानं. पण ती स्कूटरवरून पडून दोन्ही हात प्लास्टरमध्ये घालून बसलेली. त्यातच साइटच्या जुन्या पत्त्याची मुदत संपत आलेली. ती फोनवरून म्हणाली, "काका, आता तुम्हीच करा. आधी सगळ्याची कॉपी करून ठेवा. मग साइट नव्या पत्त्यावर न्या. मग भाषांतर उघडून ओळ बदला."

"बरं," सदोबा म्हणाला. कॉपी केली, साइट नेली. भाषांतराच्या प्रोग्रामनं विचारलं, "साइट इथे हलवली आहे, की ही कॉपी आहे?"

कॉपी तर त्यानं केलीच होती. खोटं कशाला बोलायचं? त्यानं "कॉपी" दाबलं. झालं! सगळ्या भाषांतरांना कुलूप लागलं. वाचता येत होतं, बदलता येत नव्हतं.

"अहो काका," मुग्धा ओरडली, "कॉपी म्हटलं की तो भाषांतरं जुन्या साइटचीच धरतो! विचारलं की सांगायचं, हलवलं!"

"बरं. विचारलं की हलवलं."

तेवढ्यात जागृतीबेनचा फोन. "भाई, तुमचं घर समुद्राजवळच आहे ना?"

"हलवलं," सदोबा म्हणाला.

"हलवलं? कुठे?"

"ते मुग्धानं नाही सांगितलं."

जागृतीबेननं फोन ठेवला. वैनीनं हे ऐकलं आणि तिचा तोल गेला. "भावोजी! सांगायचं, सगळं जिथल्या तिथं आहे!"

"बरं. सगळं जिथल्या तिथं."

तो पुन्हा प्रोग्रामसमोर बसला. प्रोग्रामनं पुन्हा तेच विचारलं. खाली तिसरा पर्याय होता, "काहीही बदललेलं नाही." वैनीचा शब्द मोडायचा कसा? त्यानं तो दाबला. कुलूप तसंच.

"काका!" मुग्धा रडकुंडीला आली. "पाहुण्यांना जिथल्या तिथं! बाकी कोणीही विचारलं तर हलवलं!"

आता कुठे त्याला नीट उमगलं. त्यानं "हलवलं" दाबलं आणि कुलूप निघालं.

"शाब्बास! आता मराठी आणि गुजराती तंतोतंत जुळवा. मग जे लिहिलंय ते आणि आपण वागतो ते एक झालं, की संपलं."

गुजराती सदोबाला लिहिता येत नव्हतं. मराठी येत होतं. म्हणून त्यानं मराठीच बदललं : "मासे खाल्ल्याशिवाय सोडत नाही." दोन्ही जुळलं. राहिलं वागणं.

बुधवारी वैनी बाजारात गेली. आणि घर खरंच हललंय का ते बघायला जागृतीबेन नवऱ्याला घेऊन स्वतःच गाडीनं आल्या. सदोबानं हसून आत घेतलं, फाटकाला कुलूप घातलं आणि तळलेल्या बांगड्याचं ताट पुढे केलं.

"अरे भाई, फाटक खोलो!"

"सगळं जिथल्या तिथं आहे, बेन." त्याचे डोळे भरून आले. "एकच घास खा हो. नाहीतर वैनी नागपूरला जाईल."

वैनी परतली तेव्हा जागृतीबेन विहिरीच्या कठड्यावर चढून बसल्या होत्या. वैनी फाटकाबाहेरूनच किंचाळली, "भावोजी, किल्ली कुठंय?"

वैनी काही पाहुणी नव्हे. "हलवली," सदोबा म्हणाला.

कुठे हलवली ते त्यालाही आठवेना. शेजारच्या कुंपणावरून वैनी आत आली. संध्याकाळपर्यंत किल्ली सापडली नाही, आणि भूक काही थांबत नाही. वैनीनं काजूची उसळ केली. जागृतीबेननं तीनदा मागून घेतली. मग सगळी हकिकत ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. वैनीनं मराठी ओळ नीट केली, बेननं संगणकापुढे बसून गुजराती. शनिवारची बस पक्की झाली. वैनीचं नागपूर टळलं.

रात्री किल्ली सापडल्यावर जाता जाता बेननं आपल्या मनाची एक ओळ गुजरातीत वाढवली आणि सदोबाला कौतुकानं वाचून दाखवली, "इथली काजूची उसळ खाल्ल्याशिवाय कोणी जायचं नाही."

"बरं," सदोबा म्हणाला.

आणि शनिवारी सकाळीच बाजारात जाऊन, बसच्या दाराला बसेल असं मोठं कुलूप घेऊन आला.