लेकींचे दात, सुनांचे दात

“घासतच नाहीत हो, सर. दुसरं काय लिहायचं?”

चहापाण्याचा ट्रे घेऊन गोदा दाराआड थबकली. हे काही तिने ऐकावं म्हणून बोललेलं नव्हतं.

ओसरीवर दातांच्या कॉलेजातून आलेले दोघे बसले होते. पिकल्या केसांचे गंजेवार सर, आणि त्यांचा हुशार विद्यार्थी सौमित्र. गावातल्या तरण्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग का, याचं संशोधन चाललं होतं. सौमित्रला दोन दिवसांत उत्तर सापडलं होतं.

“लिहिलंस?”

“लिहितोय. अस्वच्छता.”

सरांनी त्याच्या वहीत डोकावून पाहिलं.

गोदाच्या मागे तिची नणंद उभी होती, सुरेखा. तिने ओढणी तोंडावर ओढली. याच दातांपायी तिची तीन स्थळं परत गेली होती. आता कॉलेजच्या अहवालातही तेच छापून येणार.

लग्नाला पाच महिने झाले, गोदा पाहुण्यांसमोर कधी बोलली नव्हती. आताही बोलली नाही. सुरेखाला हाताला धरून ओसरीवर आणलं, तिची ओढणी बाजूला केली आणि शेजारी उभं राहून आपले दात दाखवले.

पांढरेशुभ्र.

“बघा, वहिनी घासतात,” सौमित्र म्हणाला.

“मी तिच्याआधी घासते,” सुरेखा म्हणाली. “एकाच डब्यातलं मंजन आहे.”

“पाच महिन्यांत काय होतंय? माहेरची सवय चांगली असेल त्यांची.”

गोदा गोठ्यात गेली. सासूबाईंना घेऊन आली आणि त्यांच्या तोंडाकडे बोट केलं.

“माझे दात?” सासूबाई म्हणाल्या. “घरच्यांनीच अजून पाहिले नाहीत.”

पण त्यांनी तोंड उघडलं. एक डाग नव्हता.

“या गावात किती वर्षं झाली?” सरांनी विचारलं.

“सव्वीस. लग्नात अक्कलदाढ तेवढी यायची होती.”

“आणि मंजन?”

“आठवलं तर लावते.”

सौमित्रचं पेन थांबलं. त्याने सासूबाईंकडे पाहिलं, मग इथंच जन्मलेल्या सुरेखाकडे…

गोदाने ट्रेमधला पाण्याचा पेला उचलला आणि त्याच्या वहीवर ठेवला.

“हे पाणी कुठलं?” त्याचा आवाज उतरला होता.

“हापशाचं,” सासूबाई म्हणाल्या. “मी आले तेव्हापासून तेच.”

“सुनांचे दात माहेरी घडले…” सौमित्र पुटपुटला. “लेकींचे घडले ते हे पाणी पिऊन.”

सर हसले. पिशवीतून रिकामी बाटली काढून ते स्वतःच हापशाकडे चालू लागले.

सौमित्रने पेला बाजूला सारला आणि लिहिलेली ओळ खोडली. एकदा, मग पुन्हा एकदा, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. सुरेखाची ओढणी केव्हाच खांद्यावर आली होती. ती दात दाखवून हसत होती, चांगली मोकळी.

“मग काय लिहू, वहिनी?”

गोदाने डोक्यावरचा पदर सारखा केला.

“लिहा, दात आमचे घासून झालेत. तुम्ही आता पाणी घासा.”