मोटारीचा प्लास्टिकचा शालू

गोष्ट जुनी, पण मोटार तिच्याहून जुनी. वीज नसलेल्या गॅरेजात तिची शेजारीण होती एक भोचक पाल.

पावसाळ्याआधी मालक अप्पांनी मोटारीला प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं. "आता ओल शिवायची नाही!"

"अहो, आतली वाफ जाणार कुठे?" पाल चुकचुकली.

"पाल बोलली, म्हणजे खरंच!" म्हणत अप्पांनी खिडकीही लावली.

"माझ्या शालूवर जळतेस, मेले!" मोटारीने नाक मुरडलं.

श्रावणात तिच्या गाद्यांना बुरशी आली. "पालताई, कुजले गं!"

पालीने उंदराला गळ घातली. त्याने शालू कुरतडला. अप्पांनी उंदराला शिव्या घालत बुरशीचा वास जायला खिडकी उघडली, फाटकं प्लास्टिक काढून मोटारीवर सुती चादर टाकली.

"आता टिकेल ना गं?" त्यांनी पालीला विचारलं.

चुकचुकलं की अप्पा खिडकी लावतात, म्हणून पाल या खेपेला तोंड मिटून बसली.