मागच्या दोऱ्याच्या पुढचं

“मग त्याला कुठवर सांगू, बाबा?”

मठाच्या ओट्यावर सूप घेऊन केशवगिरी बाबा तांदूळ निवडत बसले होते. खडा सापडला की अंगणात टाकत होते.

विचारणारे खळदकर मास्तर. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. टेकडी चढून धाप लागली होती, तरी मांडीवरचं पुस्तक दोन्ही हातांनी धरून होते.

“आधी झालं काय ते तर कळू द्या,” बाबा म्हणाले.

मास्तरांनी सांगितलं. गावातला गेणू झगडे शिंपी हा त्यांचा बावीस वर्षांचा दोस्त. शिक्षण चौथीपर्यंत, पण दोघांना वेड एकच. जुन्या विज्ञानकथा, त्यातही साहसाच्या. चंद्रावर निघालेली लोखंडी यानं, पृथ्वीच्या पोटातली जंगलं, असलं सगळं. वाचनालयातून पुस्तक एकच आणायचं. सकाळी मास्तरांकडे, दुपारनंतर गेणूकडे. खुणेला दोन दोरे, गेणूच्याच दुकानातले. लाल मास्तरांचा, पांढरा गेणूचा. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून चालू पुस्तकाबद्दल बोलायचं. पण जो दोरा मागं असेल, त्याच्या पुढचा चकार शब्द बोलायचा नाही.

पांढरा दोरा कायम मागंच असायचा, हे सांगायला नकोच. गेणू ओळीखाली बोट ठेवून वाचायचा.

“दसऱ्याच्या आधी तो म्हणाला, मास्तर, ते धुळीच्या समुद्रात रुतलेले लोक कसे सुटतील ते मला सापडलंय. तीन दिवस मशीन चालवताना हाच विचार करत होता म्हणे.”

“मग?”

“मला हसू आलं. म्हटलं, अरे खुळ्या, ते सुटतच नाहीत.”

बाबांचा हात सुपात थांबला…

“त्यानं पुस्तक मिटलं. झालं. तेव्हापासून रस्त्यात भेटला तर रामराम घालतो नि पुढं जातो. आता माघ लागला.” मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “करमत नाही, बाबा. तो नसला की वाचलेलं अंगी लागत नाही. म्हणून हे नवं आणलं. त्याच्यासाठी आणलं, पण राहवलं नाही. दोन दिवसांत फडशा पाडला.”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते काही खोटं नाही.

“आता यातलं नेमकं किती सांगितलं की तो धावत येईल, तेवढं फक्त तुम्ही सांगा. सांगण्यात आपल्याला कुणी हरवत नाही. अख्खा गाव म्हणतो.”

“मला सांगून बघा,” बाबा म्हणाले.

मास्तर सरसावून बसले. आणि कबूल करायला हवं, माणूस सांगायचा झकास. मंगळावर उतरलेले चौघं. यान मोडलेलं. पाणी दोन दिवसांचं. तांबड्या वाळूतून चालता चालता एकजण ठेचकाळतो, वाळू बाजूला सारतो, तर खाली दगडी दार.

बाबांनी सूप खाली ठेवलं.

“चौघं मिळून दार ओढतात,” मास्तर म्हणाले. “दार करकरतं. उघडतं. आणि आत…”

“थांबा,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे लकाकत होते. “आत विहीर असणार. रहाट असणार. आणि रहाटाचा दोर ओला असणार. म्हणजे कुणीतरी आत्ताच पाणी शेंदून गेलंय.”

मास्तर हसले. “छे हो, बाबा. भलतंच काय. विहीर नाही नि रहाट नाही, आत तर…”

बाबा त्यांच्याकडं बघत होते. रागानं नाही. नुसतेच.

मास्तरांचं हसू ओसरलं…

खाली गावात पिठाची गिरणी सुरू झाली.

“त्याचंही तोंड असंच झालं होतं,” मास्तर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “मी तेव्हा बघितलंच नाही नीट. माझीच मला लाज वाटते, बाबा.”

बाबांनी हात पुढं केला. मास्तरांनी पुस्तक दिलं. पांढरा दोरा पहिल्या पानाशी होता, मास्तरांनीच घातलेला. लाल शेवटच्या पानाशी.

बाबांनी लाल दोरा ओढून काढला आणि अंगणात, खड्यांमध्ये टाकला. पुस्तक परत मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

“जा गेणूकडं. हे त्याच्या हातात द्या आणि त्याला विचारा, दारापलीकडं काय आहे.”

“त्याला?” मास्तर गोंधळले. “अहो, त्यानं अजून पहिलं पानसुद्धा उघडलं नाही. त्याला काय ठाऊक असणार?”

“नाही ना ठाऊक?”

“नाही. आणि त्याची वाचायची तऱ्हा मी सांगितलीच तुम्हाला. दारापाशी पोचायलाच महिना लावेल. दोन लावेल…”

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“मग लागेल तोवर बसा त्याच्यापाशी.”