शिकारी सुरा आणि बाभळीची मूठ

फार जुनी गोष्ट. डोंगराखालच्या गावात सुभाना लोहार घरामागच्या पडवीत शिकारी सुरा घडवत होता. घासूनपुसून पातं असं लखलखलं, की पात्याला स्वतःचंच कौतुक वाटू लागलं. तेवढ्यात सुभानाने मुठीसाठी बाभळीचा ओबडधोबड तुकडा शेजारी आणून ठेवला.

"हे ध्यान माझ्या अंगाला चिकटणार?" पातं फणकारलं. "मी एकटंच रानात जाईन!"

"जा की खुशाल," तुकडा हसत म्हणाला.

इतक्यात अंगणातल्या शेळीच्या गळ्याला दोराचा फास बसला. ती तडफडू लागली. सुभाना नुसतं पातं हातात धरून धावला. दोर झटक्यात तुटला, शेळी उड्या मारत सुटली. पण पातं सुभानाच्या तळहातात रुतलं. आपल्याला घडवणाऱ्या हातातून रक्त येताना पाहून पात्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी हात बरा झाल्यावर सुभाना तुकड्यावर कानस फिरवू लागला.

"दुखतंय का रे?" पात्याने हळूच विचारलं.

"छे! गुदगुल्या होतायत."

"मग लवकर गुळगुळीत हो, आणि मला घट्ट धर. धन्याच्या हाताकडे तूच राहा बाबा. मी आपलं पलीकडेच बरं."